माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ परत चालू करायचाय? आधी प्लग बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गावचं घर उतरवताना माळ्यावर आजोबांचा लाकडी कॅबिनेटचा व्हॉल्व्ह रेडिओ सापडला, वायर उंदरांनी कुरतडलीये, मागचा पुठ्ठा अर्धाच उरलाय, तुम्हाला सोल्डरिंग जमतं आणि घरी मल्टिमीटर आहे. तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो आतलं सगळं काढून ब्लूटूथ-एफएमचं किट बसवून देतो. आणि तुम्ही विचारताय की घरच्या घरी मूळ रेडिओ चालू होईल का, आणि तोवर नवी वायर लावून एकदा प्लगमध्ये घालून बघू का.

पहिल्याचं उत्तर हो, बहुतेक होईल. दुसऱ्याचं उत्तर नाही, अजिबात नाही, "फक्त दोन मिनिटं बघतो" असंही नाही. मी इतकी वर्षं हे सेट करतोय त्यात माझ्याकडे आलेले जे खरोखर कामातून गेलेले रेडिओ होते ते म्हातारपणाने गेलेले नव्हते, कोणीतरी उत्सुकतेपोटी पस्तीस-चाळीस वर्षांनी थेट २३० व्होल्टला लावले म्हणून गेलेले होते. पडून राहिल्याने रेडिओ फारसा बिघडत नाही, बिघडतो तो त्या पहिल्या दोन मिनिटांत.

का ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं काम ह्याच्यावर उभं आहे. आत जे मोठे फिल्टर कंडेन्सर असतात (ॲल्युमिनियमचा डबा, बहुतेक वेळा एकाच डब्यात दोन, ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरॅड) त्यांच्या आतल्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. हा थर व्होल्टेज मिळत राहिलं तरच टिकतो, वर्षानुवर्षं व्होल्टेज नाही मिळालं की तो झिजतो, आणि मग एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट आले की कंडेन्सर जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. तो तापतो, फुगतो, कधी फुटतो, पण ते सोडा, तो स्वस्तात मिळतो. खरं नुकसान असं की तो करंट रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) आणि मेन ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. रेडिओत सगळं मिळतं, व्हॉल्व्ह मिळतात, कंडेन्सर मिळतात, स्पीकर मिळतो, पण त्याच मापाचा, त्याच टॅपिंगचा मेन ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडलेला छोटा) सहज मिळत नाहीत, गुंडाळून घ्यावे लागतात आणि तसं गुंडाळून देणारी माणसंही कमी होत चाललीत. म्हणून माझं सगळं काम एकाच हिशोबाने चालतं: हे दोन ट्रान्सफॉर्मर वाचवायचे. बाकी सगळं नंतर.

आता तुमचा सेट कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा. मागून टॉर्च मारून बघा, लोखंडी पट्ट्यांचा मुठीएवढा किंवा त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर चासीवर (आतल्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेला दिसतो का. दिसला तर एसी सेट. दिसला नाही, नुसता स्पीकरजवळचा छोटा ट्रान्सफॉर्मर दिसला, आणि कुठेतरी मोठा सिरॅमिकचा रजिस्टन्स दिसला, तर तो एसी-डीसी सेट. पूर्वी बऱ्याच शहरांत काही भागांना डीसी सप्लाय होता म्हणून असे सेट बनायचे, आणि ट्रान्सफॉर्मर नसल्याने स्वस्तही पडायचे.

व्हॉल्व्हच्या नंबरवरूनही लगेच कळतं. युरोपियन पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर हीटरचं (व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेचं) असतं: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, यू म्हणजे १०० मिलीॲम्पिअरचा, सिरीजमध्ये जोडायचा, डी म्हणजे बॅटरी सेटचा. पुढची अक्षरं कामाची, सी ट्रायोड, एच हेक्झोड किंवा हेप्टोड म्हणजे मिक्सरचा, बी दोन डायोड, एफ पेंटोड, एल आउटपुटचा, झेड आणि वाय रेक्टिफायर, एम म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा तो हिरवा मॅजिक आय. म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असं दिसलं तर ट्रान्सफॉर्मरवाला सेट, आणि यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असं दिसलं तर एसी-डीसी. नंबर वाचताना एक काळजी घ्या, ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने व्हॉल्व्ह पुसू नका, छापलेला नंबर चुटकीसरशी निघून जातो आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला हे शोधत बसावं लागतं. काचेच्या डायलचं पण तेच, स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात, पुढून पुसा, मागून मऊ कोरड्या ब्रशशिवाय काही लावू नका. ती नावं एकदा गेली की गेली.

एसी-डीसी सेट निघाला तर थोडं थांबा आणि हे दोनदा वाचा. ह्या सेटमध्ये मेन्सची एक तार सरळ चासीला जोडलेली असते. जुना दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी लाइव्ह, नॉबचा जो बारीक स्क्रू असतो तोही लाइव्ह, मागच्या पुठ्ठ्याचे स्क्रूसुद्धा. पूर्वी कंपन्या त्या नॉबच्या स्क्रूवर मेण भरायच्या ते ह्याच्यासाठी, दिसायला बरं दिसावं म्हणून नाही. असा सेट उघडा असताना काम करायचं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, त्याला पर्याय नाही, आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवणार नाही हेही लक्षात असू द्या, म्हणजे दोन ठिकाणी हात लागला तर शॉक बसणारच. माझा स्पष्ट सल्ला असा की पहिलाच रेडिओ करताय आणि तो यू सिरीजचा निघाला, तर शेजारी जाणकार माणूस बसल्याशिवाय त्याला वीज देऊ नका. तोवर साफसफाई, कॅबिनेट, डायलची दोरी, एवढी कामं करा, ती भरपूर आहेत. ह्यातले हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे बंद. वरच्या चार व्हॉल्व्हची बेरीज करा, १९ अधिक १९ अधिक ५० अधिक ३८, झाले १२६ व्होल्ट, उरलेले शंभरएक व्होल्ट त्या सिरॅमिकच्या रजिस्टन्समध्ये जळतात, १०० मिलीॲम्पिअरने म्हणजे दहा वॉटच्या वर उष्णता तिथे सतत. म्हणून अशा सेटमध्ये त्या रजिस्टन्सच्या आसपासच्या वायरींचं इन्सुलेशन करपलेलं असतं, तिथे आधी बघा.

पुढचं मी तुमचा सेट ट्रान्सफॉर्मरवाला आहे असं धरून सांगतो.

उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, जास्त काढा, वरून, खालून, तिरके. नॉब काढा, खालचे चार स्क्रू काढा, स्पीकरच्या वायरी कुठून कुठे जातात ते लिहून ठेवा आणि चासी बाहेर घ्या. धूळ कोरड्या पेंटिंग ब्रशने आणि ब्लोअरने, मास्क लावून, कारण उंदीर आणि झुरळांची घाण असते. उंदराचं मूत जिथे लागलं असेल तिथे तांब्याची तार हिरवी पडलेली दिसेल, आयएफटीच्या (आयएफ म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांच्या पायाशी खास बघा, तिथली तार केसासारखी बारीक असते. कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा सेट असेल तर प्रत्येक पावसाळ्याचा ओलावा त्याने प्यायलेला असतो, असा सेट उघडून आठवडाभर कोरड्या हवेशीर जागी ठेवा, उन्हात नको, उन्हाने कॅबिनेटचा व्हिनियर उचकटतो आणि आतलं मेण वितळतं.

मग वीज न देता मल्टिमीटरने तपासणी. मेन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही दहा ओहम यायला हवेत, हायटेन्शनच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या अडीचशे-तीनशे व्होल्टच्या) सेकंडरीचे दोन्ही अर्धे काहीशे ओहमच्या घरात आणि एकमेकांच्या जवळपास, हीटरचं वाइंडिंग एक ओहमच्या आत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काहीशे ओहम, ती ओपन असेल तर वाईट बातमी आहे पण ती आत्ताच कळलेली बरी. स्पीकर तीन ते पाच ओहम, मीटर लावताना बारीक टिक आवाज यायला हवा. व्हॉल्व्हचे हीटर तपासा, गरम असताना ईएल ८४ चा हीटर आठ ओहमच्या आसपास असतो पण गार असताना त्याहून बराच कमी दाखवतो, त्याने घाबरू नका, ओपन नसला म्हणजे झालं. व्हॉल्व्हच्या काचेच्या आत वर जो चंदेरी आरशासारखा डाग असतो तो चंदेरीच असेल तर आत निर्वात आहे, दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला.

लोक सगळ्यात आधी व्हॉल्व्ह बदलायला धावतात. तसं करू नका. व्हॉल्व्ह फार चिवट असतात, मिक्सर आणि आयएफचे व्हॉल्व्ह तर कित्येकदा मूळचेच अजून छान चालतात. आउटपुटचा आणि रेक्टिफायरचा थकतो, तोसुद्धा काम झाल्यावर मोजून ठरवायचं.

आता बदलायचं काय. मेन्सची वायर, ती तर गेलीच आहे, तिच्या जागी तीन कोअरची लावा आणि हिरवी तार चासीला नीट स्क्रूखाली, सोल्डरचा डाग देऊन (हे फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला, एसी-डीसी सेटच्या चासीला कधीही अर्थ जोडू नका). मूळ सेटमध्ये फ्यूज नसेल तर बसवा, अर्धा ॲम्पिअर स्लो-ब्लो, कारण सेट साधारण ४०-५० वॉट म्हणजे पाव ॲम्पिअरच्या आतच घेतो. मेन्सच्या तारेपासून चासीला किंवा दोन तारांमध्ये एखादा जुना कंडेन्सर असेल तर तो काढा, लावायचाच असेल तर मेन्ससाठी बनवलेलाच, दोन तारांमध्ये असेल तर एक्स २ आणि तार व चासी यांच्यात असेल तर वाय २ प्रकारचा, दुसरा कुठलाही नाही. व्होल्टेजचं टॅपिंग बघा, मागे एक छोटी चकती किंवा प्लेट असते, २२० वर असेल आणि पुढे २४० किंवा २४५ असेल तर तिथे न्या. आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज चढतं, वरच्या टॅपिंगवर सगळं थोडं थंड राहतं आणि आवाजात फरक कानाला कळत नाही.

मग फिल्टर कंडेन्सर. नवीन ४७ मायक्रोफॅरॅड ४५० व्होल्टचे घ्या, १०५ डिग्रीचे, जुना डबा चासीवर दिसायला तसाच राहू द्या पण त्याच्या सगळ्या तारा सोडवा, नवे खाली टॅगस्ट्रिपवर बसवा. मोठा लावला तर हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) कमी होईल म्हणून १०० किंवा २२० लावायचा मोह आवरा, रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरला मर्यादा असते, ईझेड ८० ला ५० मायक्रोफॅरॅड, त्याच्या वर गेलात तर चालू करताना व्हॉल्व्हवर ताण येतो. अजून एक गोष्ट, जुन्या डब्याची मायनस बाजू चासीलाच असेल असं गृहीत धरू नका. काही सेटमध्ये ती ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जाते आणि तिथून एका छोट्या रजिस्टन्समधून चासीला, आउटपुट व्हॉल्व्हचा बायस (ग्रिडवर लागणारं मायनस व्होल्टेज) तिथे तयार होतो. तुम्ही नव्या कंडेन्सरची मायनस सरळ चासीला लावलीत तर फिल्टरचा करंट वेगळ्या वाटेने जाणार आणि बायसवर हम बसणार. जुनी तार जिथून निघाली तिथेच नवी लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा एक कंडेन्सर, आणि मला पूर्ण सेटमध्ये एकच बदलायला मिळाला तर मी हाच बदलेन. ऑडिओच्या पहिल्या ट्रायोडच्या ॲनोडपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर, किंमत बहुतेक ०.०१ ते ०.०५ मायक्रोफॅरॅडच्या मधली काहीतरी, कागदाचा, मेणाने किंवा डांबराने बंद केलेला. कागद ओलावा ओढतो आणि तो कंडेन्सर गळायला लागतो, म्हणजे त्याने डीसी अडवायला पाहिजे ते तो थोडं थोडं सोडतो. ग्रिडवर दोन-चार व्होल्ट प्लस आले की आउटपुट व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो, गंमत म्हणजे रेडिओ वाजत राहतो, थोडा फाटल्यासारखा वाजतो पण वाजतो, घरचे खूष असतात, आणि तासाभराने आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळते. त्याच्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कंडेन्सर लावा. त्याच वेळी आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा छोटा इलेक्ट्रोलिटिक (२५ किंवा ५० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्ट) बदला, तो वाळलेला असतो आणि त्यामुळे आवाज मरतो. आणि मग उरलेले कागदाचे कंडेन्सर, एजीसीचा (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या भागाचा), स्क्रीनचे, टोनचा, एकेक करून. एक काढा, एक लावा, मग दुसरा. सगळे एकदम उपटू नका, फोटो कितीही असले तरी.

मायकाचे, सिरॅमिकचे आणि आयएफटीच्या डब्यातले कंडेन्सर यांना हात लावू नका, ते बहुतेक ठणठणीत असतात. रजिस्टन्स मात्र मोजा, एक बाजू सोडवून. जुने कार्बनचे रजिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात, एक लाख ओहमचा दीड-दोन लाख झालेला सापडतो. वीस टक्क्यांच्या वर सरकला असेल तर बदला, नसेल तर राहू द्या. मला मूळ पार्ट जागच्या जागी राहिलेले आवडतात, आणि पुढे कोणी तो सेट उघडला तर त्याला मूळ कसा होता ते दिसलं पाहिजे. ज्यांना हौस आहे ते जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून आत नवा कंडेन्सर घालतात आणि टोकं मेणाने बंद करतात, छान दिसतं, वेळ लागतो, पहिल्या सेटला गरज नाही.

आता वीज द्यायची, पण सिरीज लॅम्पमधून. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या तारेत बल्ब सिरीजमध्ये, एवढंच. बल्ब जुना तारेचाच पाहिजे, ६० किंवा १०० वॉटचा, एलईडी चालत नाही. तारेचे बल्ब आता दुकानात शोधावे लागतात, मिळाले तर दोन-चार घेऊन ठेवा.

आधी रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह काढून चालू करा. तो नसला की हायटेन्शन नाही, फक्त हीटर आणि डायलचे दिवे लागतात. बल्ब मंद पेटेल. तसाच अर्धा-एक तास ठेवा आणि समोर बसून राहा, वास घ्या. मग प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा, कोमट असेल तर उत्तम, हात ठेववत नसेल तर आत वेढे शॉर्ट आहेत. ही एक तासाची परीक्षा पास झाली की सेटचं भवितव्य जवळजवळ ठरलं असं समजा.

मग रेक्टिफायर बसवा, स्पीकर जोडलेला आहे ना ते बघा (स्पीकरशिवाय आउटपुट व्हॉल्व्ह कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठं व्होल्टेज उठतं आणि तो आतून फुटतो), मल्टिमीटरची काळी क्लिप चासीला आधीच लावून ठेवा, लाल प्रोब फिल्टर कंडेन्सरवर, आणि चालू. बल्ब आधी उजळ, मग मंद, आणि व्हॉल्व्ह तापले की किंचित वर येऊन स्थिर, असं झालं पाहिजे. बल्ब उजळच राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं ठीक असेल तर बल्ब काढून थेट २३० वर या आणि तीन आकडे मोजा. हायटेन्शन, साधारण २२० ते २६० व्होल्ट. ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनवर म्हणजे ग्रिडवर, सेट दहा-पंधरा मिनिटं तापल्यावर, शून्य (वर म्हटलं तसा बायस असेल तर इथे मायनस येईल, प्लस मात्र कधीच नको). आणि तीन नंबरच्या पिनवर कॅथोडचं व्होल्टेज, त्याला कॅथोडच्या रजिस्टन्सने भागा. समजा सात व्होल्ट आणि दीडशे ओहम, म्हणजे ४७ मिलीॲम्पिअर, मस्त. अकरा व्होल्ट आले तर ७३ मिलीॲम्पिअर, बंद करा आणि ग्रिड परत बघा, ग्रिडवर प्लस येत असेल तर कपलिंग कंडेन्सर किंवा खुद्द व्हॉल्व्ह.

हे मोजताना एक हात खिशात. खरंच खिशात, मी आजही तसंच करतो. अडीचशे व्होल्ट डीसी हाताला सोडत नाही, पायात रबरी चप्पल, अंगठ्या काढून, खोलीत दुसरं माणूस, आणि लहान मुलं दाराबाहेर. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, १० किलोओहम ५ वॉटच्या रजिस्टन्सला इन्सुलेटेड क्लिपा लावून काही सेकंद धरा, मग मीटरने शून्य बघा, मग हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची जी पद्धत दिसते ती सोडून द्या.

आता आवाज. व्हॉल्यूम कंट्रोल आणि बँड स्विच खरखरणारच, काँटॅक्ट क्लीनर घ्या, घरातला गंज काढायचा स्प्रे नको, तो मागे तेलकट थर ठेवतो. पॉटमध्ये थोडा मारा आणि वीस-तीस वेळा फिरवा, बँड स्विचचे काँटॅक्ट मात्र स्प्रेने भिजवू नका, इअरबडवर घेऊन एकेक पुसा, त्याच्या पट्ट्या फार नाजूक असतात आणि एक वाकली तर अख्खा दिवस जातो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टॅगला इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं आणि स्पीकरमधून गुरगुर आली की ऑडिओ बाजू ठीक.

ऑडिओ ठीक आहे पण स्टेशन नाही, तर लोकल ऑसिलेटर (स्टेशन पकडायला रेडिओच्या आतच फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) चालतो का ते बघायची एक जुनी युक्ती आहे आणि तिला एक पैशाचं उपकरण लागत नाही. शेजारी एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवा, मीडियम वेव्हवर. तुमचा रेडिओ ६०० किलोहर्ट्झला लावा. आयएफ ४५५ धरली तर त्याचा ऑसिलेटर १०५५ ला असतो, म्हणजे ट्रान्झिस्टर १०५५ च्या आसपास हळूहळू फिरवा, एका जागी त्याची सळसळ एकदम दबेल किंवा शिट्टी येईल, आणि व्हॉल्व्ह रेडिओची डायल हलवली की ती जागाही हलेल. हलली म्हणजे ऑसिलेटर जिवंत आहे, मग दोष आयएफमध्ये किंवा एरियलच्या बाजूला. काहीच नाही आलं तर मिक्सर व्हॉल्व्ह, त्याचं व्होल्टेज आणि बँड स्विच.

आणि कृपा करून आयएफटीचे स्क्रू फिरवू नका. "आवाज बारीक येतो, जरा पिळून बघू" ह्या नादात ट्यूनिंग पार बिघडलेले सेट फार येतात. ते स्क्रू आपोआप फिरत नाहीत, कारखान्यात लावून वरून मेण घातलेलं असतं. आत फेराइटचा गाभा असतो, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फुटतो आणि फुटलेला अडकून बसतो. मेण जागेवर असेल तर ती बाजू विसरून जा.

डायलची दोरी तुटली असेल तर ते काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे पण धोका काही नाही, त्यामुळे शिकायला चांगलं. जुन्या दोरीचे उरलेले तुकडे कुठल्या पुलीवरून गेलेत ते कागदावर काढा, न ताणणारी विणलेली दोरी घ्या, गँग (स्टेशन बदलणारा फिरत्या पात्यांचा कंडेन्सर) पूर्ण बंद करून सुरुवात करा. स्प्रिंग शेवटी लावा. गँगच्या बेअरिंगला ग्रीसचा ठिपका, नॉबच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पात्यांवर काही नको.

स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ टिश्यू आणि पाणी घातलेलं फेविकॉल, दोन्ही बाजूंनी, पूर्ण वाळेपर्यंत हात नाही. कॅबिनेटला आधी वाळवी आहे का बघा, असेल तर इतर लाकडी सामानापासून लांब ठेवून उपचार करा, मग सुटलेला व्हिनियर चिकटवा आणि वरून लाख-स्पिरिटचं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पातळ हात, पुष्कळ वेळा. चकचकीत पीयू स्प्रे मारून घेऊ नका, रेडिओ नवीन टीपॉयसारखा दिसतो आणि ते परत काढता येत नाही.

सामान कुठे: मुंबईत लॅमिंग्टन रोड, जुने व्हॉल्व्ह आणि नॉब यांच्यासाठी चोरबाजार, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि जुना बाजार. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने आपल्याकडे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, खोक्यासकट न वापरलेले अजून सापडतात आणि ते चांगले असतात. तेच आधी शोधा.

राहिला ब्लूटूथचा मुद्दा. मेकॅनिकचं किट घेऊ नका, पण त्यांनी ते का सुचवलं हे मला कळतं. आपल्याकडे एफएम १९७७ ला मद्रासमध्ये सुरू झालं, तोवर व्हॉल्व्ह रेडिओचा जमाना सरत आला होता, त्यामुळे तुमच्या सेटमध्ये एफएम नसणार. मीडियम वेव्हवर स्टेशनं कमी झालीत आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे त्याच पट्ट्यात आवाज ओततात. तरी गच्चीवर दहा मीटर साधी तार बांधा, सेटच्या मागच्या अर्थ सॉकेटला चांगला अर्थ द्या, आणि रात्री नऊनंतर घरातले दिवे बंद करून हळूहळू डायल फिरवा, दूरदूरची आकाशवाणी येते. पुणे ७९२ जवळपासच्या जिल्ह्यांत दिवसाही चांगलं लागतं.

आणि मोबाइलवरची गाणी ऐकायचीच असतील तर मागे ग्रामोफोनसाठी दिलेलं पिकअपचं सॉकेट असतं, बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, त्याच्या डाव्या-उजव्या तारांना प्रत्येकी १० किलोओहमचा रजिस्टन्स लावून दोन्ही एकत्र करा आणि त्या सॉकेटला द्या. एकही मूळ तार न कापता आजोबांच्या रेडिओतून, त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून तुमची गाणी वाजतात. पुन्हा सांगतो, हे फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला. एसी-डीसी सेटच्या पिकअप सॉकेटवर मेन्स असू शकतो, तिथे मोबाइल, हेडफोन, चार्जरला लावलेलं काहीही जोडायचं नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी सगळ्या व्हॉल्व्हचे नंबर, चासीच्या खालच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो आणि मागच्या व्होल्टेजच्या प्लेटचा फोटो टाका. मेकॅनिकला सांगा थांबायला. कुठला कंडेन्सर कितीचा आणि किती व्होल्टचा घ्यायचा ते त्या फोटोवरून मी एकेक करून लिहून देतो.